‘मला ऊन लागलंय’ हे बाळ सांगत नाही! घरी, प्रवासात आणि गावी चिमुकल्यांचा उन्हाळा कसा सांभाळायचा?

मे महिन्यातली रात्र, साडेबारा वाजलेत. पुण्यातल्या एका इमारतीचा शेवटचा मजला, डोक्यावर थेट गच्ची. वन बीएचकेमध्ये दीड वर्षाचं मूल झोपायला तयार नाही. पंखा पाचवर आहे, अंगात झबलंसुद्धा नाही, तरी ते सारखं कूस बदलतंय आणि किरकिर करतंय. आईला वाटतं दाढा येत असतील. बाबांना वाटतं पोट भरलं नसेल. गावाहून आजी फोनवर सांगते, दृष्ट काढा. दुपारी चारनंतर बाळाने शू केलेलीच नाही, हे मात्र कुणाच्या लक्षात आलेलं नाही, कारण डायपर कोरडा आहे की ओला हे कुणी मोजत नाही.

आठवडाभराने हेच कुटुंब गावी, कोकणात निघणार आहे. दोघांना मिळून दहा दिवसांची रजा मिळाली आहे. आजी-आजोबा नातवाची वाट बघतायत, आंबे उतरवून ठेवलेत. पण एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी उन्हाळा म्हणजे सुट्टी वगैरे काही नसतं. त्याच्या दृष्टीने हा फक्त गरम हवेचा, बदललेल्या पाण्याचा आणि मोडलेल्या झोपेचा काळ असतो. आणि त्यातलं काय बोचतंय हे त्याला सांगता येत नाही. ‘तहान लागलीय’, ‘डोकं दुखतंय’, ‘गरगरतंय’ ही वाक्यं त्याच्याकडे अजून आलेली नसतात. त्यामुळे मोठ्यांनाच ती त्याच्या अंगावरून आणि वागण्यावरून वाचावी लागतात.

मोठ्यांना सहन होतं, मग लहानांना का नाही?

याचं उत्तर बरंचसं गणितात आहे. शरीर जितकं लहान, तितकी वजनाच्या तुलनेत त्वचा जास्त. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असली की ही उष्णता लहान शरीरात लवकर शिरते. मोठ्या माणसाचं शरीर घाम गाळून स्वतःला थंड करतं, लहान मुलांच्या घामग्रंथी त्या मानाने कमी घाम तयार करतात. त्यात मूल एका जागी बसत नाही. भर दुपारी मोठा माणूस आपोआप सावली शोधतो, पण दोन वर्षांचं मूल अंगणात तापलेल्या फरशीवर गाडी गाडी खेळत राहतं.

आता पाण्याचा हिशोब बघा. १० किलो वजनाच्या बाळाच्या शरीरातून अर्धा लिटर पाणी गेलं, म्हणजे त्याच्या वजनाच्या ५ टक्के पाणी गेलं. शरीरातलं पाणी कमी झाल्याची ठळक लक्षणं साधारण या टप्प्यावर दिसू लागतात. ६० किलोच्या माणसाला त्याच टप्प्याला यायला ३ लिटर पाणी गमवावं लागेल. उन्हातला प्रवास, एखादी उलटी, तीन-चार पातळ जुलाब एवढ्यात बाळाचं अर्धा लिटर पाणी एका दुपारीत जाऊ शकतं.

म्हणूनच उन्हाळ्यात सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे लघवी. एक वर्षाच्या आतलं बाळ ६ तास आणि त्याहून मोठं मूल ८ तास लघवी न करता राहिलं, किंवा लघवी गडद पिवळी आणि उग्र वासाची झाली, तर पाणी कमी पडतंय असं समजावं. तोंड आणि जीभ कोरडी पडणं, रडताना अश्रू न येणं, डोळे खोल गेल्यासारखे दिसणं, एरवी उड्या मारणारं मूल मलूल पडून राहणं या पुढच्या खुणा. डायपर घालत असाल तर दिवसाला किती ओले झाले याची नोंद फोनमध्ये ठेवायला दहा सेकंद लागतात. डॉक्टर पहिल्या दोन-तीन प्रश्नांत हेच विचारतात.

४० अंशांचं नागपूर आणि ३५ अंशांची मुंबई

‘आमच्याकडे तर पाराच चढत नाही’ असं किनारपट्टीवरचे लोक म्हणतात. पण भारतीय हवामान विभाग उष्णतेची लाट ठरवताना सगळीकडे एकच फूटपट्टी लावत नाही. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असावं लागतं, डोंगराळ भागात ३० आणि किनाऱ्यावर ३७. शिवाय ते नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त आहे का, हेही पाहिलं जातं.

किनाऱ्याचा आकडा कमी ठेवण्यामागे कारण आहे. घाम आल्याने अंग थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता ओघळत राहतो. त्यामुळे नागपूरच्या कोरड्या ४० अंशांत सावलीत बसलेल्या मुलापेक्षा मुंबईत ३५ अंशांत, पत्र्याच्या छपराखाली, बंद खोलीत असलेलं मूल जास्त बेजार होऊ शकतं.

कूलरचा गोंधळही इथूनच होतो. कूलर पाण्याचं बाष्पीभवन करून हवा थंड करतो. विदर्भ-मराठवाड्यात तो उत्तम चालतो, कारण तिथली हवा कोरडी असते. मुंबईत तो हवेतला ओलावा फक्त वाढवतो. कूलर लावून सगळी दारं-खिडक्या बंद केल्या तर विदर्भातसुद्धा तासाभरात खोली कोंदट होते. त्यासाठी एक खिडकी उघडी हवीच. नागपूरकडे वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी मारण्याची जी जुनी पद्धत आहे, तिचंही विज्ञान हेच. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

एसी असेल तर २४ ते २६ अंश पुरेसे आहेत. थेट झोत बाळावर नको आणि एसीच्या खोलीतून उठवून लगेच उन्हात नेणंही नको. एसी नाही, कूलर नाही, अशी घरंच जास्त. तिथे खिडक्यांचं वेळापत्रक बदलून बराच फरक पडतो. सकाळी नऊच्या सुमारास उन्हाकडच्या खिडक्या आणि पडदे बंद करायचे, संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सताड उघडायचे. वर गच्ची असेल तर तिला चुन्याचा पांढरा हात द्यावा, त्याने ऊन परावर्तित होतं आणि स्लॅब कमी तापतो. सोसायटीची परवानगी काढणं हा यातला खरा अवघड भाग! पंखा चांगलाच, पण हवा ४० अंशांच्या वर गेली की तो गरम वारा अंगावर मारतो. अशा वेळी ओल्या फडक्याने अंग पुसून मग पंखा लावला तर उपयोग होतो.

भरलेलं पिंप हाही उन्हाळ्याचाच धोका

उन्हाळ्यातल्या बाळाच्या काळजीबद्दल बोलताना या गोष्टीची चर्चा फार कमी होते. एप्रिल-मेमध्ये पाणीकपात सुरू झाली की घराघरांत बादल्या, टब, पिंपं भरून ठेवली जातात. बाथरूमचं दार उघडं असतं. नुकतंच चालायला शिकलेलं मूल कुतूहलाने बादलीत वाकतं. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं, त्यामुळे एकदा तोल गेला की त्याला स्वतःला बाहेर ओढता येत नाही. बुडायला खोल पाणी लागतं असंही नाही, नाक-तोंड झाकेल एवढं पुरतं. आणि सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा होत नाही, सगळं शांतपणे, काही मिनिटांत होतं.

जगभरात बुडून मृत्यू होण्याचं प्रमाण १ ते ४ वर्षं वयाच्या मुलांमध्ये सर्वाधिक आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपाय मात्र साधा आहे. पिंपाला घट्ट झाकण, रात्री भरलेली बादली उंचावर आणि बाथरूमला बाहेरून, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर कडी. दुपारी परातीत किंवा टबात पाणी घालून मुलाला खेळायला देणं हा उन्हाळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि आनंदाचा खेळ आहे. तो खेळताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, फोन आला तर मुलाला सोबत उचलून न्यावं आणि खेळ संपला की टब तिथेच उपडा करावा.

काय पाजायचं, काय भरवायचं?

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, आईचं दूध पुरतं. फक्त ते जास्त वेळा पाजावं लागतं आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावं लागतं. त्यापुढच्या मुलांना मागायची वाट न पाहता दर तासा-दीड तासाने चार-सहा घोट द्यावेत. पूर्ण पेला एकदम संपवण्याचा हट्ट केला की मूल पाण्यावरच रुसतं. माठाचं पाणी चांगलं, पण माठ रोज धुतलेला आणि ओगराळं वेगळं. पाहुण्यांपासून पोरांपर्यंत सगळे हात बुडवून पेले भरत असतील तर ते पाणी गार असलं तरी स्वच्छ नाही.

खाण्यात ताक-भात, दहीभात, मूगडाळीची खिचडी, कलिंगड, शहाळ्याचं पाणी ही आपल्याकडची जुनी यादी आजही योग्यच आहे. पन्हं आणि कोकम सरबत द्यायला हरकत नाही, फक्त मोठ्यांसाठी केलेल्यात साखर आणि मीठ दोन्ही जास्त असतं. बाळासाठी पातळ करून थोडंच द्यावं.

आंब्याबद्दल दरवर्षी वाद होतो. ‘आंबा उष्ण पडतो, बाळाला देऊ नका’ असं सांगितलं जातं. आंब्याने ताप येत नाही. तोंडाभोवती लाल पुरळ येतं त्याला मुख्यतः देठाजवळचा चीक कारणीभूत असतो. आंबा काही वेळ पाण्यात ठेवून, देठ कापून, साल काढून दिला तर हा त्रास बराच टळतो. साल चोखायला देऊ नये.

खरी काळजी बिया आणि गोल फळांची. द्राक्षं, जांभळं, करवंदं, शेंगदाणे, फणसाच्या आठळ्या हे सगळं उन्हाळ्यातच घरात असतं आणि नेमकं मुलाच्या श्वासनलिकेत अडकेल अशा आकाराचं असतं. द्राक्ष उभं चिरून द्यावं. जांभळाची बी काढावी. शेंगदाणा अख्खा देऊच नये. गऱ्याचे बारीक तुकडे करून, मुलाला बसवून भरवावेत, पळता पळता नाही.

बर्फाच्या गोळ्याबाबत महाराष्ट्रात २०१८ पासून एक नियम आहे. खाण्यासाठी नसलेला, म्हणजे मासे किंवा माल थंड ठेवण्यासाठीचा बर्फ निळसर रंगाचा करायचा. पण गाडीवरचा पांढरा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे पाहून कळत नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तो न दिलेलाच बरा.

ओआरएस: हे एक नीट समजून घ्या

उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांचं प्रमाण वाढतं आणि मग घरात पहिलं नाव निघतं ते ओआरएसचं. त्याची गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि बेकिंग सोडा पाण्यात मिसळून ते रुग्णांना तोंडाने पाजायला सुरुवात केली, तेही नातेवाइकांच्या हातून. छावणीतला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

हे साधं मिश्रण काम करतं, कारण आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम ठरावीक प्रमाणात एकत्र असले की ते जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी आत खेचलं जातं. ‘ठरावीक प्रमाण’ हे यातलं महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात १ लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. साखर जास्त झाली तर ती उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात.

म्हणूनच दुकानात मिळणारी फळांच्या चवीची, गोड, खोक्यातली पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत. अनेक वर्षं अशा पेयांवर ‘ओआरएस’ ही अक्षरं छापली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. तेव्हा मेडिकलमध्ये ‘ओआरएस द्या’ म्हणण्याऐवजी ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याचं ओआरएस द्या’ म्हणावं आणि पाकिटावर ते छापलंय का बघावं. ग्लुकोजची पावडर म्हणजेही ओआरएस नाही.

घरात सर्रास होणारी चूक म्हणजे १ लिटरच्या पाकिटातलं थोडं थोडं अंदाजाने पेल्यात टाकणं. १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच घालावं आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्यावं. पाकीट काही रुपयांचं आहे, त्यात काटकसर नको. छोटी पाकिटंही मिळतात, त्यांच्यासाठी किती पाणी घ्यायचं ते वाचून घ्यावं. दर पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली, चमच्याचमच्याने पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. पाकीट मिळालंच नाही तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. यासोबत झिंकच्या गोळ्या डॉक्टर साधारण १४ दिवसांसाठी देतात. जुलाब थांबले की त्या बंद करण्याचा मोह होतो, पण कोर्स पूर्ण करायचा असतो.

मूल ठणठणीत असेल, फक्त गरम होतंय म्हणून मात्र रोज ओआरएस देण्याची गरज नाही. त्याला पाणी आणि ताक पुरे.

घामोळं आणि पावडरचा डबा

मानेवर, पाठीवर, काखेत येणारं घामोळं म्हणजे घामाच्या नळ्यांची तोंडं बंद होणं. सैल सुती कपडे, दिवसातून दोनदा साध्या पाण्याने आंघोळ आणि अंग कोरडं करणं एवढ्याने ते जातं. पावडरचे थर दिल्याने नळ्या आणखी बुजतात आणि उडालेली पावडर बाळाच्या नाकात जाते. तेलाची मालिश करायची असेल तर आंघोळीआधी, आणि तेल नीट धुऊन. भर उन्हाळ्यात अंगावर तेल ठेवून बाळाला गुंडाळणं म्हणजे घामोळ्याला आमंत्रणच.

गावाला निघताना

रेल्वेत ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला वेगळी बर्थही मिळत नाही. स्वतंत्र बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडं भरून घ्यावी लागते. रात्रभराच्या प्रवासात अडीच वर्षांचं हातपाय पसरणारं मूल आणि आई एका बर्थवर म्हणजे दोघांचीही झोप गेली, तेव्हा परवडत असेल तर हा पर्याय विचार करण्यासारखा आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुलं होतं, त्यामुळे मेच्या मध्यावर निघायचं तर मार्चच्या मध्यालाच फोन हातात घेऊन बसावं लागतं. एसटीतही ५ वर्षांपर्यंत तिकीट नाही. विमानात २ वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं. विमान चढताना-उतरताना त्याला दूध किंवा पाणी पाजत राहिलं तर कानाचे दडे कमी बसतात.

स्वतःची गाडी असेल तर पहाटे निघावं, हे घरातली मोठी माणसं सांगतातच. त्यामागे उन्हाइतकंच वाहतुकीचं कारण आहे. मुंबई-गोवा महामार्गावर किंवा घाटात दुपारी बारा वाजता अडकलेली गाडी हा बाळासाठी सगळ्यात वाईट उन्हाळा. मुलाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसणं आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय की त्यात कुणाला धोका दिसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड आहे. दंड राहू द्या. अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं १० किलोचं मूल कुणाच्याही हातात राहत नाही. गावात गेल्यावर दुचाकीवरून फिरवतानाही, ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलासाठी सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा २०२३ पासून लागू आहे.

एक गोष्ट मात्र कधीच करू नये. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून झोपलेल्या मुलाला बंद गाडीत ठेवणं. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी वाढतं आणि काच चार बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. घरासमोर उभ्या असलेल्या गाडीत खेळता खेळता शिरलेल्या मुलालाही हाच धोका, म्हणून गाडी नेहमी कुलूपबंद आणि किल्ली वर.

घाटात उलट्या होणं दोन वर्षांनंतरच्या मुलांत जास्त दिसतं. निघण्याआधी हलकं खाणं, मोबाइलवर व्हिडिओ न दाखवता बाहेर बघायला लावणं आणि मध्ये थांबणं एवढं करून पाहावं. प्रोमेथाझिन असलेलं औषध दोन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, त्याने श्वास मंदावू शकतो. ‘मागच्या वेळी ताईच्या मुलाला दिलं होतं’ हे औषध देण्याचं कारण होऊ शकत नाही.

अंगण, विहीर आणि समुद्र

गावचं घर मुलाला मोकळं करतं. फ्लॅटमध्ये सतत ‘नको’, ‘पडशील’ ऐकणाऱ्या मुलाला कोंबड्यांमागे धावायला मिळतं, आजोबांच्या मांडीवर झोपायला मिळतं. फक्त ते घर लहान मुलासाठी तयार केलेलं नसतं. पोहोचल्यावर सामान सोडण्याआधी मुलाच्या उंचीवरून एक फेरी मारावी. विहिरीला कठडा आणि जाळी आहे का, हौद झाकलेला आहे का, कीटकनाशकाची बाटली पडवीत तर नाही ना, आजोबांच्या गोळ्या उशाशी तर नाहीत ना. शेवटची गोष्ट विसरली जाते. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची एक गोळीसुद्धा दोन वर्षांच्या मुलाला अत्यवस्थ करू शकते.

रचून ठेवलेली लाकडं, चिरे, शेणी यांत विंचू असतो. लाल विंचवाचा दंश लहान मुलांसाठी जीवघेणा ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून केलेलं संशोधन जगभर गाजलं, त्यांना पद्मश्रीही मिळाली. त्याआधी या दंशाने अनेक रुग्ण दगावत. आता उपचार आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर मंत्र-तंत्रात किंवा पाला चोळण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. सर्पदंशालाही हेच लागू.

समुद्रावर सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर. दुपारची वाळू तळपाय भाजते. घोटाभर पाण्यातही मुलाचा हात सोडू नये, परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. महाबळेश्वरला जाणाऱ्यांची वेगळी गंमत होते. हवा गार असते म्हणून टोपी बॅगेतच राहते. पण दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणांचं प्रमाण साधारण १० टक्क्यांनी वाढतं आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. सहा महिन्यांपुढच्या मुलांना सनस्क्रीन लावता येतं, रुंद काठाची टोपी त्याहून सोपी.

आणि आजी? बोंडल्याने पाजणं, काजळ, धुरी यावरून मे महिन्यात जितकी भांडणं होतात तितकी गणपतीतही होत नसतील. सगळ्याच गोष्टींवर अडून बसलं तर सुट्टीच संपते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको, बंद खोलीत धुरी नको, आणि दुपारच्या झोपेची वेळ मोडायची नाही, एवढ्यावर ठाम राहावं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला २४ तासांत ११ ते १४ तास झोप लागते. दुपारी बारा ते तीन ही झोप घरात झाली तर कडक ऊनही आपोआप टळतं. ‘आज पाहुणे आलेत, दाखवूया’ म्हणून उठवलेलं मूल रात्री सगळ्या घराला जागवतं. दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. अंगण असलेल्या घरात हे पाळणं त्यातल्या त्यात सोपं.

ताप आहे की ऊन लागलंय?

उन्हात खेळून आलेलं मूल लालबुंद, घामाघूम, चिडचिडं असेल तर त्याला सावलीत आणून, कपडे काढून, ओल्या फडक्याने पुसून, पाणी पाजून अर्ध्या तासात ते सावरायला हवं. तसं झालं नाही, अंग तापतच राहिलं, मूल गुंगीत गेलं, असंबद्ध वागू लागलं, झटका आला किंवा शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअस म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेलं, तर तो उष्माघात असू शकतो. त्यात घाम थांबतोच असं नाही.

अशा वेळी पॅरासिटामॉलची वाट बघू नये. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदू शरीराचं तापमान वर ‘सेट’ करतो आणि औषध ते खाली आणतं. उष्माघातात शरीर बाहेरून तापलेलं असतं, तिथे हे औषध काम करत नाही. १०८ वर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सर्वांगावर साधं पाणी ओतून वारा घालत राहावं. मान, काखा, जांघा इथे ओली फडकी ठेवावीत. मूल शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते फुफ्फुसात जाऊ शकतं. कांदा हुंगवणं, तळपायाला तेल चोळणं यात जाणारी दहा मिनिटं महागात पडतात. सरकारी रुग्णालयांत उन्हाळ्यात उष्माघात कक्ष सुरू केले जातात. गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, तिथे रात्री डॉक्टर असतात का, हे पहिल्याच दिवशी आजोबांना विचारून ठेवावं. त्यांना सगळं माहीत असतं.

बॅगेत ओआरएसची चार पाकिटं, थर्मामीटर, टोपी आणि मुलाची नेहमीची औषधं यांबरोबर लसीकरणाचं कार्डही ठेवा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, तोंडाने द्यायच्या पोलिओचा बूस्टर आणि त्रिगुणीचा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो, म्हणजे नेमका या फिरतीच्या वयात. तो सुट्टीत राहून जायचं कारण नाही. गावातल्या सरकारी केंद्रातही तो मोफत मिळतो, लसीकरणाचा वार कोणता एवढं आशाताईंना विचारायचं.